ताडवनची राख

पूर्वी वेत्रा नदीच्या काठी अंजनपूर नावाचे नगर होते. तिथे महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुमंगल. डोंगरातून ओंडके नदीत सोडायचे आणि घाटावर ते ओढून काढायचे, हा त्याच्या घराण्याचा धंदा होता. माळी आळीच्या शेजारी, अगदी घाटाला लागून, त्याच्या आजोबांनी घेतलेली वखार होती. तुळई आतून किडलेली असली तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सुमंगलच ते सांगे. त्यामुळे नगरात त्याच्या शब्दाला किंमत होती.

एका वर्षी श्रावणात वेत्रा नदीला पूर आला आणि वरच्या अंगाचे ताडवन नावाचे गाव वाहून गेले. माणसे वाचली, घरे गेली, जमीनही गेली. ती माणसे चालत अंजनपुरात आली आणि बाजाराच्या पडव्यांत राहू लागली. दिवसा मिळेल ते काम करायची आणि दुकाने बंद झाली की पडवीत आडवी व्हायची.

त्यांच्यात वसभ नावाचा एक माणूस होता. त्याने ताडवनहून एक मडके आणले होते. मडक्यात राख होती आणि राखेखाली विस्तव होता. गाव बुडताना त्याने आपल्या चुलीतून तो काढून घेतला होता. वाटेत पाऊस लागला तेव्हा त्याने अंगावरचे कांबळे काढून मडक्यावर घातले. रोज तो त्यात गोवरीचा तुकडा टाकी आणि हलकेच फुंकर घाली. त्याचा धाकटा भाऊ पिंगल त्याची थट्टा करी. "दादा, लेकरू आहे का ते? दूध पाज की त्याला!" वसभ हसे आणि पुन्हा फुंकर घाली.

राजाला या माणसांची दया आली. त्याने नगराच्या तटाबाहेर, वीटभट्ट्यांच्या पलीकडे, त्यांच्यासाठी घरांची रांग बांधायला सांगितली. लाकूड सुमंगलच्या वखारीतून गेले. त्याने ते स्वतः निवडून दिले. घरे चांगली झाली. राजाचा अमात्य कालक मोठा नीटनेटका माणूस होता. त्याने प्रत्येक घराच्या चुलीवर कोरड्या काटक्या आणि एक नवी चकमक ठेवविली, म्हणजे माणसे आत जाताच स्वयंपाकाला लागतील.

ताडवनची माणसे घरे पाहायला गेली. त्यांनी दारातून आत पाहिले. बायका एकदम मागे सरल्या. एक म्हातारा रडायला लागला. मग सगळी माणसे काही न बोलता परत आली आणि पडव्यांत झोपली.

नगरात एकच बोलणे सुरू झाले. "राजाने घर दिले तरी नको. यांना रस्ताच आवडतो." कोणी म्हणाले, "घरात राहिले तर भीक कशी मिळेल?" हे बोलणाऱ्यांपैकी एकानेही पडवीत जाऊन त्यांना कारण विचारले नाही. सुमंगलनेही विचारले नाही. आपण निवडलेल्या तुळयांखाली कोणी झोपत नाही याचे त्याला वाईट वाटले, आणि तो गप्प राहिला.

कार्तिकात उत्सव आला. बाजार धुऊन काढायचा हुकूम झाला. शिपायांनी पडव्यांतल्या माणसांना उठवले आणि घागरीने पाणी ओतले. एका शिपायाने वसभचे मडके पाहिले. आत धुगधुगी दिसली, म्हणून त्याने त्यातही पाणी ओतले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, उत्सवाच्या गर्दीत आग लागू नये एवढेच होते. पण मडके चुर्र करून थंड झाले.

वसभ भिजलेल्या जमिनीवर झोपला. त्याला ताप भरला. तो उठलाच नाही.

त्या दिवशी ताडवनच्या कोणीच काही शिजवले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोर चंपा नावाच्या माळिणीचे फुलांचे दुकान होते. ती मोठ्या तोंडाची विधवा बाई होती. ती गिऱ्हाइकांना म्हणाली, "दारू पिऊन मेला. आणि हे बघा, हातपाय धड आहेत, पण चूल पेटवायचासुद्धा आळस."

पिंगलने ते ऐकले. त्याने दगड उचलला आणि मारला. तो चंपाला लागला नाही. मडक्यात पाणी ओतणारा शिपाई तिथेच उभा होता, त्याच्या कपाळाला लागला. पिंगलने हे बरे केले नाही. पण ज्याचा भाऊ नुकताच गेला आहे तो बरे-वाईट पाहत नाही. हाताला जे लागेल ते तो फेकतो.

शिपायाची जखम भरली. पण राजा रागावला. कालक म्हणाला, "महाराज, आपण घरे दिली, त्यांनी दगड दिले. पौषाच्या पौर्णिमेपर्यंत त्यांनी तटाबाहेरच्या घरांत जावे, नाहीतर सीमेपलीकडे घालवून द्यावे." राजाने मान डोलावली.

मग कालक सुमंगलच्या वखारीत आला. तो म्हणाला, "सुमंगल, ही माणसे काही घरांत जाणार नाहीत. मग ती घरे उतरवावी लागतील, आणि सगळे लाकूड तुझे तुला फुकट परत मिळेल. तू फक्त सभेत एवढे सांग, की घरे उत्तम आहेत आणि माणसे कृतघ्न आहेत. तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे."

बोधिसत्त्व म्हणाला, "घरे उत्तम आहेत, हे मी सांगेन. लाकूड मला कळते. माणसे कृतघ्न आहेत का, ते मला ठाऊक नाही. मी त्यांना अजून काही विचारलेच नाही."

"विचारायचे काय त्यात?"

"तेही ठाऊक नाही. पौर्णिमेपर्यंत मला वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी तो पडवीत गेला. पिंगल खांबाला टेकून बसला होता. मडके त्याच्या मांडीवर होते.

"या शेट," पिंगल म्हणाला. "तुळया मोजायला आलात? तिकडे आहेत, भट्टीच्या पलीकडे. इथे फक्त माणसे आहेत."

"बसू का?"

"रस्ता राजाचा आहे. बसा की."

बोधिसत्त्व बसला. त्याने विचारले, "तुम्हाला काय हवे?" कोणी काही बोलले नाही. तो दिवसभर बसून परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा तेच विचारले, पुन्हा कोणी बोलले नाही. असे काही दिवस गेले. वखारीतली गिऱ्हाइके कंटाळून दुसरीकडे जाऊ लागली. लोक म्हणू लागले, शेटलाही रस्त्याची चटक लागली.

शेवटी वसभची बायको सामा त्याला म्हणाली, "शेट, तुम्ही रोज आम्हाला विचारता. आज मी विचारते. तुमच्या घरच्या चुलीत पहिला विस्तव कुणाच्या घरून आला?"

बोधिसत्त्वाने विचार केला. "मला माहीत नाही, बाई."

"बघा. अहो, तुम्ही घर बांधता, आणि हे तुम्हाला माहीत नाही?"

मग तिने सांगितले. ताडवनात नवे घर झाले की चूल चकमकीने पेटवीत नाहीत. चकमक वाटेवर चालते, रानात चालते, पडवीतही चालते. घरात नाही. घराचा पहिला विस्तव शेजाऱ्याकडून मागून आणायचा. मागायला रिकाम्या हाताने जायचे नाही, आपल्या जुन्या चुलीतला निखारा बरोबर न्यायचा. त्यांनी आपला घ्यायचा, आपण त्यांचा घ्यायचा. त्या दिवसापासून ती दोन घरे एकमेकांशी बांधली जातात. बाळंतपणाला तेच धावतात. मरणाला तेच येतात. ज्या घरी माणूस जाते तिथे चूल पेटत नाही. विस्तव देणाऱ्या घरून भात येतो.

"आणि चुलीवर चकमक?" बोधिसत्त्वाने विचारले.

"ज्या घरात कोणीच उरले नाही, त्या घराच्या चुलीवर आम्ही चकमक ठेवतो आणि दार ओढून घेतो. तुमच्या राजाने प्रत्येक घरात ती ठेवली होती."

बोधिसत्त्वाने विचारले, "वसभ गेला तेव्हा भात कुणी आणला?"

"कोण आणणार? सगळे ताडवन इथेच पडलेले. सुतक सगळ्यांनाच."

पिंगल मडक्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "दादाने एवढ्यासाठी विस्तव जपला होता. म्हणायचा, कुणी ना कुणी शेजारी मिळेल, तेव्हा द्यायला हवा. आता द्यायला काही नाही. वहिनी, सांगून काय उपयोग? चला, जाऊ सीमेपलीकडे."

बोधिसत्त्व उठला. त्याला आता एवढे कळले होते की तटाबाहेरच्या घरांत सगळे होते, फक्त शेजार नव्हता. आणि शेजार वखारीतून निवडून देता येत नाही. तो माणसांपाशी मागावा लागतो.

त्याने माळी आळीतल्या लोकांना वडाच्या पारावर बोलावले. ताडवनची माणसेही आली आणि जरा लांब उभी राहिली. बोधिसत्त्व म्हणाला, "माझ्या वखारीची अर्धी जागा मी यांच्या घरांना देतो. पण ती तुमच्या दारासमोर येतील. तुम्ही हो म्हणाल तरच. आणि प्रत्येक घराला तुमच्यापैकी कोणाचा तरी विस्तव लागेल."

एकच गलका झाला. कासार म्हणाला, "आमच्या पोरीबाळी आहेत इथे." दुसरा म्हणाला, "आज दहा येतील, उद्या शंभर येतील." बोधिसत्त्वाने कोणाला खोडले नाही. तो ऐकत राहिला.

चंपा कमरेवर हात ठेवून पुढे आली. "सुमंगला, तुझी आई माझी मैत्रीण होती म्हणून विचारते. तुला गाव जाळायचे आहे का? लाकडाच्या वखारीत चुली घालतोस? वाऱ्याने एक ठिणगी उडाली तर माझे छप्पर, कासाराचे छप्पर, सगळी आळी जाईल. आणि त्या पोराच्या मडक्यात काय आहे ते आधी दाखव. रात्रंदिवस कवटाळून बसतो. कुणाचे सोने आहे त्यात?"

"मावशी, तो उभा आहे. त्यालाच विचार," बोधिसत्त्व म्हणाला.

पिंगल तरातरा पुढे आला. त्याने सगळ्यांसमोर मडके पालथे केले. राख पडली. काळ्या कोळशाचे दोन खडे पडले.

"हे घ्या सोने," तो ओरडला. "यात विस्तव होता. ताडवनपासून माझ्या दादाने आणला. तुमच्या उत्सवासाठी विझवला. दादा दारू पीत नव्हता. आम्ही चूल पेटवत नव्हतो, कारण आमच्यात मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही. तुमच्यात पेटते का?"

आमच्यात पेटते, असे कोण म्हणणार? अंजनपुरातही मरणाच्या घरी शेजारूनच भात जात असे.

चंपा राखेकडे पाहत राहिली. तिचे दुकान पडवीच्या समोरच होते. मग ती पिंगलवरच खेकसली, "अरे मेल्या, पाराची काय दशा केलीस! भर ती राख, भर आधी. वारा सुटलाय." आणि ती स्वतःच खाली बसून ओंजळीने राख मडक्यात भरू लागली. पिंगलही बसला.

राख भरून झाल्यावर चंपा उठली. पण तिने हो म्हटले नाही. ती म्हणाली, "चुलींचे माझे म्हणणे खरेच आहे. लाकूड आणि चुली एका जागी नकोत. ती तटाबाहेरची घरे रिकामीच आहेत ना? सुमंगला, तू तुझे लाकूडच तिकडे ने. सगळे. मग बघू."

हे बोधिसत्त्वाला सुचले नव्हते. घाटाला लागून वखार होती म्हणून त्याचा धंदा होता. लाकूड तटाबाहेर नेले तर प्रत्येक ओंडका घाटावरून बैलगाडीने ओढावा लागणार होता. अर्धी जागा देताना तो स्वतःला उदार समजत होता. आता पूर्ण जागा द्यायची वेळ आली. त्याने आजोबांनी स्वतःच्या हाताने रोवलेल्या वखारीच्या खांबाकडे पाहिले. त्याला क्षणभर जड गेले. मग तो म्हणाला, "मावशी, तुझे बरोबर आहे. नेतो."

सामा लांबून म्हणाली, "आणि शेट, दारे आळीकडे ठेवा. तोंड फिरवून बसलेली घरे नकोत." कासार म्हणाला, "विहीर मात्र दोघांची एकच राहील. भांडणे करायची नाहीत." सामा म्हणाली, "विहिरीवर भांडत नाहीत ती कसली शेजारीण?" तेव्हा आळीतल्या बायका पहिल्यांदा हसल्या.

पौर्णिमेपर्यंत सगळी घरे होणे शक्य नव्हते. एकच झाले, सामाचे. ताडवनच्या माणसांनी भिंती घातल्या आणि बोधिसत्त्वाच्या गड्यांनी छप्पर चढवले. पौर्णिमेच्या सकाळी राजा आला. बरोबर कालक होता, आणि माणसांना सीमेपर्यंत नेणारे शिपाई होते.

बोधिसत्त्वाने राजाला सगळी हकिगत सांगितली. राजा थक्क झाला. त्याने कालककडे पाहिले. कालक म्हणाला, "महाराज, चकमक मी सोयीसाठी ठेवली होती." ते खरेच होते. मग तो म्हणाला, "पण या आळीने अजून हो म्हटलेले नाही. विस्तव येतो का ते पाहू. आला नाही तर हुकूम आहेच."

सामा नव्या चुलीपुढे बसली. पिंगल मडके घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. सगळ्यांनी आळीकडे पाहिले.

दारे बंद होती. कासाराने दार किलकिले केले आणि शेजारच्या दाराकडे पाहिले. तिकडच्याने तिसऱ्या दाराकडे पाहिले. पहिले कोणी निघायचे, हेच ठरेना. चंपाचे दार तर घट्ट लावलेले होते. ऊन वर आले. शिपाई पाय बदलू लागले.

पिंगल म्हणाला, "वहिनी, ऊठ. झाले एवढे पुरे झाले." त्याने तिच्या हाताला धरले. सामा उठली.

तेवढ्यात चंपाचे दार धाडकन उघडले. आतून धुराचा लोट आला आणि त्यामागून चंपा आली. तिचे डोळे लाल झाले होते. एका हातात खापरीवर निखारा होता आणि दुसऱ्या हातात झाकलेले पातेले होते.

"ओली लाकडे विकतोस, सुमंगला!" ती लांबूनच ओरडली. "पहाटेपासून फुंकतेय. निखारा धरेल तर शपथ! आणि तू रे, कुठे निघालास? जरा दम नाही का तुला?"

ती राजाच्या समोरून तशीच पुढे गेली. तिच्या ते ध्यानातही आले नाही. उंबऱ्याशी ती थांबली.

पिंगल खाली मान घालून म्हणाला, "आजी, बदल्यात द्यायला आमच्याकडे निखारा नाही."

"राख आहे ना?"

"आहे."

"मग मूठभर दे. माझी भांडी कशाने घासू?"

पिंगल हसला. भाऊ गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच रडला. त्याने मूठभर राख तिच्या पदरात घातली. तिने निखारा चुलीत ठेवला. सामाने फुंकर घातली आणि जाळ झाला.

मग चंपाने पातेले खाली ठेवले आणि झाकण काढले. आत भात होता.

"हा त्याच्यासाठीचा," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तेव्हाच आणायला हवा होता. उशीर झाला. पण गरम आहे."

सामाने पहिला घास पिंगलला भरवला. कासाराच्या घरातून आता खापरी बाहेर आली होती. तिच्यामागून आणखी एक आली. ज्यांची घरे अजून बांधायची होती त्यांच्यासाठीही माणसे निखारे घेऊन आली. ठेवायला चुली नव्हत्या, म्हणून त्यांनी ते पिंगलच्या मडक्यात ठेवले. राजाने शिपायांना परत पाठवले आणि कालकला सांगितले, "यापुढे घर बांधण्याआधी राहणाऱ्याला विचार, आणि शेजाऱ्यालाही विचार."

उरलेल्या घरांसाठी इतर आळ्यांतही जागा मागितली, पण सगळ्याच आळ्यांनी असे केले नाही. एका आळीने ताडवनच्या माणसांना शेवटपर्यंत जागा दिली नाही. पण त्यानंतर त्या हिवाळ्यात पडवीत झोपून कोणी मेले नाही. बोधिसत्त्व आयुष्यभर घाटावरून तटाबाहेर गाड्या ओढवीत राहिला. चंपा आयुष्यभर त्याला ओल्या लाकडांवरून बोलत राहिली.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्याने, ही कथा विहाराच्या दारात बसलेल्या एका तरुणाला सांगितली. त्याचा थोरला भाऊ एका धर्मशाळेच्या बंद दाराबाहेर थंडीने गेला होता. तरुण अनेक दिवस जेवला नव्हता, आणि कोणी जवळ आले की शिव्या देत होता. फुले विकणाऱ्या एका म्हातारीने त्याला हाताला धरून तिथे आणले होते. धर्मशाळा बांधणारा गृहस्थही खाली मान घालून मागे बसला होता.

कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "ही म्हातारी तेव्हा चंपा होती. हा गृहस्थ तेव्हा कालक होता. तू पिंगल होतास, आणि सुमंगल तो मीच होतो."

तरुणाने विचारले, "भगवन्, आणि वसभ?"

शास्ता म्हणाला, "तो तेव्हाही तुझा दादाच होता."

मग म्हातारीने आपले गाठोडे सोडले आणि भात तरुणापुढे ठेवला. तो जेवला. गृहस्थ उठला आणि धर्मशाळेच्या पायरीवर झोपणाऱ्यांना काय हवे ते विचारायला गेला.

बुद्धत्वाकडे नेणाऱ्या पारमितांपैकी, म्हणजे सद्गुणांपैकी, बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पूर्ण केली, ती मैत्री पारमिता.